लॅरमीला जाताय? बर्फाआधी वाऱ्याचा विचार करा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिस्टरांना अमेरिकेतल्या वायोमिंग विद्यापीठात नोकरी मिळाली आहे आणि ते ऑगस्टमध्ये लॅरमीला रुजू होतील. पुण्यातलं घर आवरून तुम्ही सात वर्षांच्या मुलीला घेऊन डिसेंबरअखेर जाणार. बर्फ किती पडतो, काय न्यायचं, गाडी कोणती घ्यायची, शेजारपाजार कसा असेल, आणि 'तिथे काउबॉय सोडून काही आहे का', असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या प्रश्नाचं वेगळं उत्तर देत नाही. ते अधूनमधून येत राहील, कारण तिथल्या जुन्या हकिकती माहीत असल्या की गाडीपासून कुंपणापर्यंत बरंच काही आपोआप समजतं.

आधी स्पष्ट मत: डिसेंबरअखेर जाऊ नका. शक्य असेल तर ऑगस्टमध्ये तिघं एकत्र जा. तिथली शाळा ऑगस्टच्या अखेरीला सुरू होते, रस्ते कोरडे असतात, आणि थंडी येईपर्यंत गाडी शिकायला दोन-अडीच महिने मिळतात. ते जमत नसेल तर सरळ मेपर्यंत थांबा. डिसेंबर ते मार्च हा नवख्या माणसाने डेन्व्हर विमानतळावर उतरून लॅरमी गाठण्याचा काळ नव्हे. तरीही तेव्हाच जावं लागलं, तर उतरल्या दिवशी गाडीत बसू नका. रात्र डेन्व्हरला किंवा वाटेतल्या फोर्ट कॉलिन्सला काढा, सकाळी रस्त्याची स्थिती बघा आणि उजेडात निघा. विमानतळ ते लॅरमी अडीच तास धरा. जोड विमान काढून थेट लॅरमीच्या छोट्या विमानतळावरही उतरता येतं. फेऱ्या मोजक्या आहेत आणि वाऱ्यामुळे रद्द होतात, पण रद्द झालेली फेरी घाटात अडकण्यापेक्षा बरी.

अंदाज येण्यासाठी आकडे. वायोमिंग राज्याचं क्षेत्रफळ सुमारे २ लाख ५३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाच भागांतले चार. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या होती ५,७६,८५१. एवढी माणसं आपल्याकडे एखाद्या मोठ्या शहराच्या दोन-तीन उपनगरांत राहतात. राजधानी शायअ‍ॅन ६५ हजारांची, लॅरमी ३१ हजारांची, आणि ३१ हजार म्हणजे तिथे मोठं गाव. पुढचं गाव पन्नास मैलांवर, त्यापुढचं शंभरावर. मध्ये पेट्रोल पंप असेलच असं नाही. (पेट्रोलला तिथे 'गॅस' म्हणतात, आणि घर तापवायच्या गॅसलाही गॅसच. पहिले काही दिवस गोंधळ होतो.)

आता बर्फ. विचारायची गोष्ट खरं तर वारा आहे. लॅरमी समुद्रसपाटीपासून जवळपास २,२०० मीटरवर, दोन डोंगररांगांच्या मधल्या उघड्या पठारावर आहे. पडणारा बर्फ कोरडा, भुसभुशीत असतो आणि पडला तिथे राहत नाही. काल पडलेला बर्फ आज वारा उचलतो आणि रस्त्यावर आडवा लोटतो. वर निळंभोर आकाश, सूर्य लख्ख, आणि जमिनीपासून गाडीच्या बोनेटपर्यंत पांढरा लोट. याला तिथे 'ग्राउंड ब्लिझर्ड' म्हणतात. नवखा माणूस खिडकीतून आकाश बघतो, ऊन आहे म्हणून निघतो आणि दहा मैलांवर त्याला पुढच्या ट्रकचे दिवेही दिसत नाहीत. म्हणून हवामानाचा अंदाज बघून निघू नका, रस्त्याची स्थिती बघून निघा. राज्याच्या वाहतूक खात्याचं '५११' नावाचं मोफत अ‍ॅप आहे, त्यात प्रत्येक टप्प्याची स्थिती आणि कॅमेऱ्यांची चित्रं दिसतात. घरून निघताना एकदा आणि वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर एकदा ते बघायचं.

या वाऱ्याची एक सरकारी हकिकत आहे आणि ती तुमच्या घरापासून फार लांबची नाही. लॅरमीहून पश्चिमेला रॉलिन्सकडे जाताना एल्क माउंटन नावाचा डोंगर लागतो. १८६८ साली युनियन पॅसिफिक कंपनीने रेल्वे टाकली तेव्हा तिच्या सर्वेक्षकांनी तो डोंगर टाळून रूळ उत्तरेकडून, आज रॉक रिव्हर आणि मेडिसिन बो आहेत त्या बाजूने नेले. पुढे लिंकन हायवे, म्हणजे आजचा यूएस ३०, त्याच वळशाने गेला. नंतर आंतरराज्य महामार्ग ८० आखताना मात्र सुमारे १९ मैल वाचतात म्हणून डोंगराच्या पायथ्यालगतची सरळ रेघ निवडली गेली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणाऱ्यांनी सांगितलं होतं की हिवाळ्यात तिकडे आम्हीही जात नाही. ३ ऑक्टोबर १९७० ला लॅरमी ते वॉलकॉट जंक्शन हा टप्पा सुरू झाला आणि चारच दिवसांत बर्फवाऱ्यामुळे बंद करावा लागला. तेव्हा व्हिएतनाम युद्ध चालू होतं. ट्रकवाल्यांनी तिथल्या हो चि मिन्ह ट्रेल या रसदवाटेवरून या रस्त्याला 'स्नो चि मिन्ह ट्रेल' म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव आजही चालतं.

रस्ता हलवणं शक्य नव्हतं, मग वाऱ्यालाच अडवायचं ठरलं. अमेरिकी वनखात्याचे रॉन टॅबलर हे जलशास्त्रज्ञ लॅरमीला काम करत होते, त्यांनी बर्फ अडवणाऱ्या कुंपणांचं गणित बसवलं. प्रवासात रस्त्यापासून दूर माळावर लाकडी फळ्यांच्या तिरक्या, उंच भिंती रांगेने उभ्या दिसतील. गुरांशी त्यांचा काही संबंध नाही. भिंत पूर्ण बंद केली तर बर्फ तिच्यावरून उडून पलीकडे जातो, म्हणून साधारण निम्मी जागा फटींची ठेवतात. तळाशी उंचीच्या दहाव्या हिश्शाएवढी मोकळी जागा सोडतात, नाहीतर भिंतच बर्फात गाडली जाते. आणि भिंत रस्त्यापासून तिच्या उंचीच्या सुमारे ३५ पट अंतरावर, वारा येतो त्या बाजूला असते, म्हणजे साचणारा ढीग रस्त्यापर्यंत पोचत नाही. चार मीटर उंच भिंत रस्त्यापासून १४० मीटर दूर. पुढे गावाबाहेर जागा घेऊन स्वतःचा रस्ता मोकळा ठेवायची वेळ आली तर हेच प्रमाण उपयोगी पडतं. अंगणाच्या कडेला बंद फळ्यांचं कुंपण घातलं, तर सगळा बर्फ नेमका दारात साचतो.

रस्ता बंद झाला की गावाच्या टोकाला रेल्वे फाटकासारखी दांडी खाली येते. ती ओलांडणं गुन्हा आहे: ७५० डॉलरपर्यंत दंड, ३० दिवसांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'रोलिंग क्लोजर' असा शब्द दिसला तर त्याचा अर्थ असा की पुढचं गाव ट्रकने भरलंय, मोटेलमध्ये जागा नाही, म्हणून मागच्या गावातच थांबवताहेत. पुढचा रस्ता स्वच्छ असला तरी सोडत नाहीत, आणि हुज्जत घालून उपयोग नसतो. 'नो अननेसेसरी ट्रॅव्हल' हा सल्ला असतो, बंदी नसते, पण तो दिसला की घरीच राहायचं. तिसरी पाटी हलक्या आणि उंच वाहनांना बंदीची. भाड्याचा सामानाचा ट्रक नेमका त्यातच मोडतो. फर्निचर भरून शायअ‍ॅनहून यायचा बेत असेल तर तो सप्टेंबरमध्येच उरका. रिकामा किंवा अर्धा भरलेला उंच ट्रक ताशी ६० मैलांच्या झोतात आडवा होतो, आणि तसे आडवे झालेले ट्रक तिथे दर हिवाळ्यात दिसतात. शायअ‍ॅन ते लॅरमी या पन्नास मैलांतच महामार्ग ८० चा सर्वांत उंच बिंदू आहे, शर्मन समिट, ८,६४० फूट. तिथून लॅरमीत उतरणारा टेलिफोन कॅन्यनचा उतार वळणांचा आहे आणि सावलीत असल्याने शेवटपर्यंत बर्फाळ राहतो.

गाडी. सर्व चाकांना ताकद देणारी, म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्ह, घ्या. पण ती तुम्हाला निघायला मदत करते, थांबायला नाही. थांबवतो टायर. ७ अंश सेल्सियसच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं आणि पकड सुटते. म्हणून हिवाळी टायरचा वेगळा संच घ्या. त्याच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असतं. वेगळ्या लोखंडी रिमवर बसवून ठेवले तर दर वर्षी काढघालीचा खर्च वाचतो. ऑक्टोबरअखेर चढवायचे, मेमध्ये काढायचे. पारा दर दहा फॅरनहाइट अंशांनी उतरला की टायरमधली हवा साधारण १ पीएसआय कमी होते, तेव्हा पहिल्या थंडीत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तर पंक्चर शोधत बसू नका, हवा भरा. काच धुवायचं निळं स्वस्त पाणी काढून टाका आणि उणे २९ अंश सेल्सियसपर्यंत न गोठणारं भरा. साधं पाणी भरलं तर नळी फुटते, आणि फुटायच्या आधी भर रस्त्यात काचेवर गोठते. बॅटरी चार वर्षं जुनी असेल तर थंडीआधी बदला. उणे १८ अंशांत तिची ताकद निम्म्याहून कमी राहते, आणि इंजिनाला तर तेव्हा जास्त ताकद लागते.

गाडीत कायम ठेवायचं ते असं: लहान फावडं, काच खरवडायची पट्टी, जंपर केबल, वाळूची किंवा मांजराच्या शौचवाळूची एक पिशवी (अडकलेल्या चाकाखाली टाकायला), प्रत्येकी एक स्लीपिंग बॅग, टोपी, हातमोजे, टॉर्च, फोनची बॅटरी, पाणी आणि सुका खाऊ. लाडू, चिक्की, शेंगदाणे इथे बाजारातल्या एनर्जी बारपेक्षा बरे, कारण ते बार गोठून दगड होतात. टाकी अर्ध्याखाली कधीही जाऊ द्यायची नाही. अडकलात तर गाडी सोडून चालत जायचं नाही. लोक मरतात ते बहुतेक चालायला निघाल्याने, कारण लोटात दिशा कळत नाही. दर तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, पण त्याआधी उतरून मागचा धुराचा पाइप बर्फातून मोकळा करा. तो बुजला तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि त्याला वास नसतो.

बारीक वाटेल अशी एक गोष्ट: गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे ठेवा आणि दार उघडताना हाताने घट्ट धरा. वारा पाठीमागून असेल तर दार हातातून सुटून पुढे उलटं वाकतं, बिजागऱ्या जातात. मुलीला पहिल्या दिवशी हे शिकवा. शिवाय संध्याकाळी आणि पहाटे रस्त्यावर हरणं येतात. ब्रेक दाबा, पण स्टीअरिंग वळवू नका. हरणाला लागून बोनेट चेपतं, हरीण चुकवायला गेलात तर गाडी उलटते.

फोर्ट कॉलिन्सला जायचा रस्ता, यूएस २८७, साधारण ६५ मैलांचा आहे. भारतीय किराणा, मोठी दुकानं, कित्येकदा तज्ज्ञ डॉक्टरसुद्धा तिथेच, म्हणून या रस्त्यावरून वारंवार जाणं होतं. पण तो महामार्गासारखा दुभाजकाचा नाही, बऱ्याच भागात समोरासमोर वाहतूक असते. १६ सप्टेंबर २००१ ला याच रस्त्यावर विद्यापीठाच्या धावण्याच्या संघातले आठ विद्यार्थी एका मद्यधुंद चालकाने धडक दिल्याने गेले. ओव्हरटेकची घाई करू नका आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्री हा रस्ता टाळा.

घर बघताना भाड्याइतकाच हिवाळ्याच्या गॅसबिलाचा आकडा विचारा. जुन्या लाकडी घराचं भाडं कमी दिसतं आणि खिडक्यांच्या फटी ती बचत खातात. बाहेर जाताना तापमान १३ अंश सेल्सियसच्या खाली ठेवू नका, जमिनीखालच्या पोकळीतले नळ फुटतात. कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालचं कपाट उघडं ठेवायचं आणि नळाची धार बारीक सोडायची. बागेची नळी सप्टेंबरमध्येच काढून ठेवा. ती तशीच राहिली तर आतलं पाणी गोठून भिंतीतला पाइप तडकतो, आणि ते वसंतात नळ सोडल्यावर कळतं. तळघर असलेल्या घरात रेडॉन या किरणोत्सारी वायूची चाचणी करून घ्या. वायोमिंगच्या खडकातून तो बराच येतो. लिटरमागे चार पिकोक्युरीच्या (किरणोत्साराचं माप) वर आकडा आला तर पंखा बसवावा लागतो, तो खर्च कुणाचा हे करारात लिहून घ्या.

स्वयंपाकाचं पाणी लॅरमीत ९३ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी कचकचीत राहते. कुकर हवाच. कुकरची शिटी बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब झाला एवढंच मोजते, आणि तिथे बाहेरचाच दाब कमी, म्हणून आतलं तापमान पुण्यापेक्षा थोडं खाली राहतं. वेळ पंचवीस टक्के वाढवा, म्हणजे पुण्यात चार शिट्ट्यांत होणारं वरण तिथे पाच शिट्ट्यांचं. राजमा-छोले रात्रभर भिजवल्याशिवाय करू नका. कुकर आणि तवा सपाट बुडाचे न्या, बहुतेक घरांत काचेची विजेची शेगडी असते आणि खोलगट तव्याची पोळी मध्येच भाजते. मिक्सर इथून न्यायचाच तर ११० व्होल्टचा. २३० चा नेऊन ट्रान्सफॉर्मर लावायचा म्हटलं तर साडेसातशे वॉटच्या मिक्सरला दीड हजार वॉटचा डबा लागतो, तो मिक्सरपेक्षा जड. इडलीचं पीठ ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं की फुगतं. हवा इतकी कोरडी की लाकडी पोळपाट तेल न लावता ठेवला तर चिरतो. थंडीमुळे खोबरेल बहुतेक वर्षभर घट्ट राहतं. उलट वाळवणाला असं गाव शोधून सापडणार नाही: जूनमध्ये कुरडया दोन दिवसांत खडखडीत होतात, फक्त चादरीच्या चारी कोपऱ्यांवर वीट ठेवायची, नाहीतर त्या शेजारच्या अंगणात वेचाव्या लागतात.

मसाले, डाळी, कणीक महिन्यातून एकदा फोर्ट कॉलिन्सहून आणा. ऑक्टोबरच्या मध्याला दोन महिन्यांचा साठा करून ठेवा, कारण नोव्हेंबरपासून 'या शनिवारी जाऊ' हे वाक्य वाऱ्याच्या मर्जीवर असतं. मराठी मंडळी डेन्व्हरच्या परिसरात बऱ्यापैकी आहेत. गणपतीला जाणं सहज जमतं, दिवाळीला कधी जमतं कधी नाही, संक्रांतीचं ठरवूच नका.

आता माणसं. तुमच्या प्रश्नात एक काळजी दिसली: परक्यांशी लोक कसे वागतात. गोडगोड उत्तर देण्यापेक्षा जे घडलंय ते सांगतो. लॅरमी गाव १८६८ मध्ये रेल्वेबरोबर उभं राहिलं. १० डिसेंबर १८६९ ला वायोमिंगने स्त्रियांना मताचा हक्क दिला, तेव्हा ते राज्यही नव्हतं, नुसता प्रदेश होता. मार्च १८७० मध्ये लॅरमीच्या न्यायालयात स्त्रिया ज्युरी म्हणून बसल्या, आणि ६ सप्टेंबर १८७० ला याच गावात लुइझा स्वेन या सत्तरीला टेकलेल्या बाईंनी सार्वत्रिक निवडणुकीत मत टाकलं. यामागे उदारपणा होता तसा हिशेबही होता: तेव्हा प्रदेशात प्रौढ बाईमागे सहा पुरुष होते आणि वस्ती वाढवायची होती. ज्युरीतला हक्क तर पुढच्याच वर्षी न्यायाधीश बदलल्यावर गेला आणि थेट १९५० मध्ये परत आला.

त्याच रेल्वेसाठी कोळसा काढणाऱ्या रॉक स्प्रिंग्जमध्ये २ सप्टेंबर १८८५ ला गोऱ्या खाणकामगारांच्या जमावाने २८ चिनी कामगारांना मारलं आणि त्यांची वस्ती जाळली. कुणालाही शिक्षा झाली नाही. दुसऱ्या महायुद्धात कोडी आणि पॉवेल यांच्या मध्ये हार्ट माउंटनला जपानी वंशाच्या दहा हजारांवर लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. तेव्हा ती छावणी राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं 'शहर' ठरली होती. तुमच्या मिस्टरांच्याच विद्यापीठात ऑक्टोबर १९६९ मध्ये चौदा कृष्णवर्णीय फुटबॉलपटूंनी सामन्यात दंडावर काळी फीत बांधू का, असं विचारलं म्हणून प्रशिक्षकांनी त्यांना संघातून काढलं. विद्यापीठाने माफी मागितली ती २०१९ मध्ये. आणि १९९८ मध्ये लॅरमीजवळ मॅथ्यू शेपर्ड या समलिंगी विद्यार्थ्याचा खून झाला. गावाचं नाव जगभर त्यामुळेच गेलं.

आपल्याकडच्या माणसांची तिथली हकिकतही जुनी आहे. तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीकडून आलेले झरीफ खान १९०९ च्या सुमारास उत्तरेकडच्या शेरिडनमध्ये पोचले आणि तामाले हा मक्याचा मेक्सिकन पदार्थ विकून गावात नावारूपाला आले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड नावाच्या माणसाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्वासाठी हिंदी माणूस 'गोरा' नाही असं ठरवलं होतं, म्हणून मिळालेलं नागरिकत्व १९२६ मध्ये काढून घेतलं गेलं. ते परत मिळालं १९५४ मध्ये. तोवर अख्खं गाव त्यांच्याकडे खात होतं. कागद काढून घेणारे आणि रोज जेवायला येणारे एकाच देशातले लोक होते, तेव्हा कुठल्याही एका हकिकतीवरून गावाचा अंदाज बांधू नका.

रोजच्या व्यवहारात असं दिसेल: लोक कमी बोलतात, चौकशा करत नाहीत, पण गाडी बर्फात रुतली तर न सांगता साखळी काढून ओढतात आणि नाव न सांगता निघून जातात. समोरून येणारा चालक स्टीअरिंगवरचं एक बोट उचलतो, तुम्हीही उचला. तुम्हाला आपुलकीने फोन येणार नाहीत, ते तुम्हालाच करावे लागतील. विद्यापीठामुळे लॅरमी बाकी राज्यापेक्षा मिश्र आहे. ऑक्टोबरमध्ये शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा जंगलात फिरायला जाताना तिघांनीही भडक नारिंगी जाकीट घाला.

जमिनीबद्दल मात्र सावध राहा, कारण इथे अनोळखी माणसाची पहिली चूक तीच होते. १८६० च्या दशकात रेल्वे कंपनीला रुळाच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस मैलांपर्यंत एक सोडून एक चौरस मैल जमीन सरकारने बक्षीस दिली. बुद्धिबळाच्या पटासारखी ती वाटणी अजून तशीच आहे: एक घर सरकारी, शेजारचं खासगी. सरकारी घरात जायला सगळ्यांना मुभा, पण तिथे पोचायचं तर कोपऱ्यावरून खासगी हवेतून पाय टाकावा लागतो. वर सांगितलेल्या एल्क माउंटनवरच मिसुरीच्या चार शिकाऱ्यांनी अशा कोपऱ्यावर घडीची शिडी ठेवून एका सरकारी घरातून दुसऱ्यात पाय टाकला. जमीनमालकाने दावा लावला. १८८५ च्या एका कायद्याच्या आधारे अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तुम्ही शिडी घेऊन जाणार नाही, पण सहलीला निघताना जमिनीची मालकी दाखवणारं नकाशाचं अ‍ॅप फोनवर उतरवून ठेवा, कारण माळावर नेटवर्क नसतं. वाटेत फाटक लागलं तर उघडं असेल तसं उघडं, बंद असेल तसं बंद करून पुढे जा. विंड रिव्हर हा शोशोनी आणि अरापाहो लोकांचा राखीव प्रदेश आहे, तिथे मासेमारीला किंवा डोंगरात फिरायला त्यांचा स्वतःचा परवाना लागतो, राज्याचा चालत नाही.

गावाबाहेर पाच-दहा एकरांवर स्वस्त घर दिसतं, आणि दोन वर्षांत बऱ्याच जणांना त्याचा मोह होतो. घ्यायच्या आधी चार गोष्टी विचारा. विहिरीचा परवाना कुणाच्या नावावर आहे, कारण पाणी राज्याच्या मालकीचं आणि 'आधी आला त्याचा हक्क आधी' या तत्त्वावर चालतं, जमिनीतून ओढा वाहतो म्हणजे तो तुमचा नव्हे. सांडपाण्याची टाकी केव्हाची. रस्त्यावरचा बर्फ काउंटी (तिथला जिल्हा) काढते की मालकांनी आपसात काढायचा. आणि कुंपण कुणाचं: इथे गाईगुरं मोकळी चरतात, ती अंगणात नको असतील तर कुंपण तुम्ही घालायचं. ही वहिवाट खुल्या कुरणांच्या काळातली आहे. त्या कुरणांचा कणा १८८६-८७ च्या हिवाळ्याने मोडला. कोरडा उन्हाळा, कुरणांवर क्षमतेपेक्षा जास्त गुरं, मग बर्फावर गोठलेला कडक थर. तो फोडून गवतापर्यंत पोचता न आल्याने गुरांचे कळपच्या कळप कुंपणांना टेकून मेले. त्यानंतर हिवाळ्यासाठी गवत कापून साठवायची रीत लागली, म्हणून ऑगस्टमध्ये शेतात दिसणारे ते भले मोठे गोल भारे.

पैसा आणि कागद थोडक्यात. राज्याचा आयकर नाही, केंद्राचा आहेच. विक्रीकर ४ टक्के आणि वर काउंटीचा, किराण्यावर नाही. गाडीच्या नोंदणीची रक्कम मात्र नवख्याला दचकवते: कारखान्याच्या मूळ किमतीच्या, पहिल्या वर्षी ६० टक्क्यांवर ३ टक्के. तीस हजारांच्या नव्या गाडीला ५४० डॉलर, वर राज्याचे ३०. गाडी जुनी होईल तसा हा आकडा उतरतो, म्हणून चार-पाच वर्षं वापरलेली घेणं दोन्हीकडून परवडतं. विद्यापीठाची नोकरी असल्याने एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या लॉटरीची भानगड नाही. तुम्हाला एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर शिकता येईल, नोकरी मात्र मिस्टरांचा आय-१४० (ग्रीन कार्डच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर होऊन तुमचा कामाचा परवाना येईपर्यंत नाही, म्हणून विद्यापीठाला पहिल्याच वर्षी ग्रीन कार्डचा अर्ज सुरू करायला सांगा. राज्याची हॅथवे शिष्यवृत्ती वायोमिंगमध्ये शिकलेल्या मुलांच्या कॉलेजसाठी आहे, पण नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकांनाच. मुलगी सातची आहे, तरी ग्रीन कार्डसाठी भारतीयांची रांग बघता ही अट आत्ताच डोक्यात ठेवलेली बरी.

आरोग्यविम्यात हवाई रुग्णवाहिकेचा खर्च धरलाय का, हे पहिल्याच आठवड्यात तपासा. गंभीर रुग्णाला शायअ‍ॅन, फोर्ट कॉलिन्स किंवा डेन्व्हरला हलवतात, आणि रस्ता बंद असेल तर हेलिकॉप्टर किंवा विमानानेच. बिल हजारो डॉलरांत येतं.

पुण्याच्या आरटीओमधून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या, भाड्याच्या गाडीला उपयोगी पडतो, पण तिथे राहायला लागल्यावर वायोमिंगचा परवाना हवाच: डोळे, लेखी आणि प्रत्यक्ष चालवणं अशा तीन परीक्षा. चालवायची परीक्षा सप्टेंबरमध्येच द्या आणि दोघांनीही द्या. घरात एकच चालक असणं हे लॅरमीत नोव्हेंबर ते एप्रिल परवडत नाही. थंडीचे कपडे पुण्यातून घेऊ नका. तिथेच घ्या, मुलीसाठी बर्फाची पँट आणि बूट आधी, कारण थंडीतही मधल्या सुट्टीत मुलांना मैदानावरच सोडतात.